औषधाने चाळवलेली रोगप्रतिकारशक्ती

आज आईला घेऊन कर्वे रस्त्यावरच्या संधिवाततज्ज्ञांकडे गेलो होतो. दोन महिने सकाळी तिची बोटे इतकी आखडत होती की लाटणे फिरवणेही जमत नव्हते, आणि आम्ही सगळा दोष पुण्याच्या थंडीला देऊन मोकळे झालो होतो. निदान झाले ते औषधामुळे होणाऱ्या ल्युपसचे, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते त्या आजाराचे; आणि कारण निघाले ते रक्तदाबासाठी वर्षभर चाललेले हायड्रॅलाझिन. या औषधामुळे टी पेशींच्या, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, डीएनएवरील मिथाइल गटांच्या (जनुके बंद ठेवणाऱ्या) रासायनिक खुणा पुसट होतात, त्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतात आणि मग बी पेशी हिस्टोनविरुद्ध, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांविरुद्ध, प्रतिपिंडे तयार करू लागतात, असे मानले जाते. ज्यांचे यकृत हे औषध सावकाश निष्प्रभ करते, त्यांना धोका अधिक. (आई कुठलीच गोष्ट सावकाश करत नाही; यकृत तेवढे निवांत असावे!) नेहमीच्या ल्युपसमध्ये मूत्रपिंडांना असते तशी भीती यात सहसा नसते, हे ऐकून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी आजच औषध बदलले. दुखणे काही आठवड्यांत ओसरू लागेल, परंतु प्रतिपिंडे रक्तात कित्येक महिने रेंगाळू शकतात, तेव्हा पुढचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी घाबरायचे नाही, असे त्यांनी बजावले. घरी येताच आईने उरलेल्या अर्ध्या पट्टीची किंमत मोजली.