फुंकायचं यंत्र तळावर आलं तेव्हा

आमच्या उपकेंद्राची लोकसंख्या दोनदा मोजावी लागते. एक गावची, कायमची. दुसरी ऊसतोड मजुरांची, ती दिवाळीनंतर ट्रक-ट्रॅक्टरमधून येते आणि साखर कारखान्याच्या तळावर उतरते. पोरंबाळं, बैलं, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या असा सगळा संसार घेऊन ती मार्चअखेरपर्यंत राहते आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की एका रात्रीत निघून जाते. मी कृष्णाकाठच्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. सगळे सीएचओ मॅडम म्हणतात, तळावर मात्र मी नुसती ‘बाई’.

त्या वर्षी हंगाम लागून थोडेच दिवस झाले होते. बीडकडच्या एका आशाताईंचा फोन आला. नंबर त्यांना क्षयरोगाच्या सुपरवायझरने, म्हणजे आमच्या एसटीएसने, दिला होता. "मॅडम, आमचा एक पेशंट तुमच्याकडं आलाय. टीबीचा. चौथा महिना चालू हाय. गोळ्यांचं तुमचं ऑनलाइन व्हईल, ते मला म्हाईत हाय. पर बिडीचं कोन बघनार? मी हितं निम्म्यावर आनली व्हती."

मला हसू आलं आणि लगेच ओशाळायलाही झालं. गोळ्यांचं खरंच होतं. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर रुग्णाचा क्रमांक एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग होतो आणि औषध तुटत नाही. बिडी वर्ग करायचा रकाना कुठंच नाही. तंबाखू घेता का, हे टीबीच्या नोंदीत विचारतात, आशा घरोघरी आजारांच्या धोक्याची तपासणी करताना भरते त्या सीबॅक फॉर्मातही विचारतात. ‘रोज घेतो’ म्हटलं की दोन गुण पडतात. त्या दोन गुणांचं पुढं काय करायचं ते ज्याच्या त्याच्या वकुबावर.

आणि खरं सांगायचं तर बिडी आमच्या नजरेतूनच सुटते. महाराष्ट्रात ओढणारे तसे थोडे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले चार टक्क्यांहून कमी प्रौढ धूम्रपान करणारे निघाले. तंबाखू खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे मात्र चोवीस टक्क्यांच्या वर. त्यामुळे आमची तालीम सगळी गुटख्याची आणि मिश्रीची. शाळेपासून शंभर यार्डांत टपरी नको, तोंड उघडून दाखवा, पांढरा चट्टा आहे का बघा. बिडीवाला तोंड उघडतो, चट्टा नसतो, आणि आपण त्याला पुढं पाठवतो.

नाना (तळावर त्यांना सगळे नानाच म्हणत) पन्नाशीचे असतील. अंगावर मांस नाही. उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेतलेली, म्हणून टीबीची गोळी चालू असतानाच कोयता हातात. जोडीला बायको, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात हे इकडच्या लोकांना सांगायला नको. थुंकी तपासली तर जंतू नव्हते, वजनही किलो-दीड किलोनं वाढलेलं, पण खोकला काही हटत नव्हता. शेजारच्या खोपीतल्यांनी पोरांना त्यांच्याकडं पाठवणं बंद केलं होतं. टीबी बरा होत असताना बिडी चालूच राहिली तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. ते "व्हय बाई" म्हणाले आणि कानावरची बिडी तशीच राहिली.

शेवटी एसटीएस, आमचे आरोग्यसेवक, गावची आशा आणि जिल्ह्याच्या तंबाखू नियंत्रण कक्षातल्या समुपदेशक मॅडम अशी आम्ही सगळ्यांनी मिळून तळावर एक संध्याकाळ ठरवली. संध्याकाळ म्हणजे रात्रच. ही माणसं पहाटे अंधारात फडात जातात आणि गाडी भरून रिकामी होईपर्यंत परतत नाहीत. दिवसा शिबिर घेतलं तर फोटोत फक्त म्हाताऱ्या आणि लेकरं येतात. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-२३५६, तो बंडलाच्या कागदावर छापलेला असतो. पण पहिली बिडी काढताना तो कागद फाटतो, आणि फोन चालू असतो त्या वेळी माणूस उसात असतो.

समुपदेशक मॅडमनी ते यंत्र आणलं होतं. हातात मावेल एवढंच असतं. दीर्घ श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद रोखायचा, मग नळीतून सावकाश सोडायचा. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड किती ते आकड्यात दिसतं. साधारण दहाच्या वर गेला की माणूस ओढणारा समजायचा. बिडीवाल्यांचा आकडा चांगला चढतो. टेंभुर्णीचं पान कागदासारखं आपोआप जळत नाही, बिडी विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते, त्यामुळे तंबाखू थोडी असली तरी धूर जास्त आत जातो.

तळावर जत्रेसारखी गर्दी झाली. बॅटरीच्या उजेडात पोरं पुढं घुसली. एकाचा अठरा, दुसऱ्याचा बावीस. ज्याचा जास्त त्याला शिट्ट्या! मॅडम हैराण. मी आरोग्यसेवकांना म्हटलं, "हे तर उलटंच चाललंय, जिंकतोय तो खोकणारा." मजुरांची टोळी घेऊन येणारा मुकादम बाजूला खुर्ची टाकून बसला होता. पोरांनी त्याला ओढत आणलं. आकडा आला चौतीस. तळ नुसता खिदळला. मुकादम पण हसला, पण खिशातलं पाकीट त्यानं आत सरकवलं ते मी पाहिलं.

नानांना श्वासच रोखता येईना. पाच मोजेपर्यंत ढास लागायची. तिसऱ्या वेळी कसाबसा रोखला, आकडा सत्तावीस. त्यापेक्षा ती पंधरा सेकंदं बोलकी होती. बायको शेजारी उभी राहून मोठ्यानं मोजत होती, "आठ… नऊ… धरा, धरा…"

मग गंमत झाली. कुणीतरी नानांच्या बायकोलाच पुढं ढकललं. तिनं आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही. तिचा आकडा अकरा.

"तू बी वढतीस व्हय गं?" चहूकडून हशा. एक पोरगा म्हणाला, "बघा बाई, न वढता बी येतंय. मग सोडून काय फायदा?"

मॅडम अनुभवी. त्यांनी विचारलं, "मावशी, आता कुठून उठून आलात?" चुलीपासून. थंडी-वाऱ्यामुळे चूल खोपीच्या तोंडाशी ओढून घेतलेली, वर ताडपत्री, जळण म्हणजे उसाची ओली-सुकी चिपाडं. धुरातला वायू तोच. मॅडमनी ते समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, जमलं तर चूल बाहेर मांडा.

"बाई, बिडी सोडा म्हनता, चूल बी सोडू का?" ती म्हणाली. "ग्यास हाय की. गावाकडं. कुलपात."

यावर आमच्या कुणाकडं उत्तर नव्हतं. आमच्या फ्लिपचार्टमध्ये फुप्फुसाचं चित्र होतं, कुलपातल्या गॅसचं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर आम्ही नानांच्या खोपीपाशी बसलो. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला: दिवसातली कुठली बिडी सोडायला सगळ्यात अवघड? मला वाटलं, पहाटेची, चहाबरोबरची. बहुतेकांची तीच असते. नाना म्हणाले, "फडातली."

"का हो?"

"बिडी वढली न्हाय तर दम कवा खायचा? बिडी पेटवली की कुनी बोलत न्हाय. नुसतं बसलं तर आळशी."

बायको ताट घासत होती. मान वर न करता म्हणाली, "हे बिडीला बसत्यात तवाच मी बी बसते. पानी पिते. बिडी गेली की मह्यं बसनं बी गेलं."

इतकी वर्षं मी तंबाखूवर बोलतेय, प्रशिक्षणं घेतलीत, दिलीत. कुणी सोडायला तयार नसला की आम्ही ‘इच्छाशक्ती कमी’ असं लिहून मोकळे होतो. या बाईनं एका वाक्यात सांगितलं की तिच्या घरात बिडी ही दोघांची सुट्टी आहे. टनावर काम करणाऱ्याला दुसरी कुठली सुट्टी असणार? २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, पण हिशोब टनाचाच राहिला. बसलेली दहा मिनिटं कुणीच मोजून देत नाही.

एसटीएसनी मुकादमाला बोलावलं. मला वाटलं होतं तो अंगावर येईल. तो म्हणाला, "बसू द्या की, मी कुठं नको म्हनतो? पर मोळ्या कमी पडल्या तर उचल फिटत न्हाय. ती त्येंच्याच डोक्यावर ऱ्हाती." हे खोटं नव्हतं. त्याच्या डोक्यावर कारखान्याची असते. त्या रात्री आम्ही चौघं-पाचजण पाचटावर बसून ते गणित सोडवणार नव्हतो.

ठरलं ते एवढंच: बसायच्या वेळा तशाच ठेवायच्या. तोच बांध, तेवढाच वेळ, दोघांनी बसायचं, पाण्याची कळशी जवळ. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढी काढायची. सोबत दोन मिलिग्रॅमचं निकोटिन गम. ते कसं वापरायचं हे सांगायला मॅडमना अर्धा तास लागला, कारण गम म्हटलं की माणूस चघळत सुटतो. थोडं चावायचं, तिखटसर झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. चहानंतर लगेच घ्यायचं नाही. नानांनी पहिलं गम पान खाल्ल्यासारखं खाल्लं आणि त्यांना उचक्या लागल्या. बायको म्हणाली, "गावाकडं कुनीतरी आठवन काढतंय." मी लगेच आशाताईंना फोन लावून दिला. खरंच आठवण काढत होत्या म्हणे.

पण नानांचा एक अडसर होता. बिडी न ओढता बांधावर बसलं तर बाकीचे काय म्हणतील? यावर तोडगा त्यांनी स्वतःच काढला. ते न पेटवलेली बिडी ओठात धरून बसायला लागले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नाना बिडीला बसलेत. मॅडमना हे पटलं नाही. त्यांचं शास्त्र सांगतं की बिडी, काडेपेटी, सगळं नजरेआड करा. बरोबरच आहे ते. बीडच्या आशाताई फोनवर म्हणाल्या, "असू द्या मॅडम, काडेपेटी तेवढी बायकूपाशी ठिवा." मी आशाताईंच्या बाजूनं मत दिलं. काडेपेटी बायकोच्या कनवटीला गेली.

त्यानंतर एक व्हॉट्सॲप ग्रुप झाला. त्यात बीडकडच्या तीन आशा, आमची आशा, एसटीएस, मॅडम आणि मी. आशाताई गावाकडून नानांना रात्री फोन करायच्या, नाना काय बोलले ते ग्रुपवर टाकायच्या, आणि दुसऱ्या दिवशी आमची आशा गोळी द्यायला गेली की तिला माहीत असायचं की आज माणूस चिडलेला आहे, आज झोप झालेली नाही. पहिले दोन-तीन आठवडे असंच असतं, चिडचिड, डोकं जड, भूक वेडीवाकडी. दोन जिल्ह्यांच्या मध्ये हे निरोप कुणी सांगितले म्हणून गेले नाहीत. या फोनांचे पैसे आशाताईंना कुणी देत नाही, रिचार्ज त्यांचा स्वतःचा. आमच्या मासिक सभेत मी हे मांडलं तेव्हा ‘छान उपक्रम, फोटो पाठवा’ असं उत्तर मिळालं.

संक्रांतीला नाना घसरले. गावाकडचा पाहुणा भेटला, दोघांनी मिळून बंडल संपवलं. त्यांनी मला सांगितलं नाही, आशाताईंना सांगितलं. त्यांच्याशी नातं जुनं. आशाताईंनी शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू. फेब्रुवारीत मॅडम यंत्र घेऊन परत आल्या तेव्हा नानांनी पंधरापर्यंत श्वास रोखला, बायकोनं मोजायच्या आधीच. आकडा पाच. टीबीच्या गोळ्याही पूर्ण झाल्या. चूल खोपीच्या तोंडाशीच होती. बायकोचा आकडा दहा.

बाकीच्यांचं म्हणाल तर पोरांपैकी एकानंही सोडली नाही. मुकादमानं सिगारेट सोडून तंबाखू मळायला सुरुवात केली आणि मोठ्या अभिमानानं मला ते सांगितलं. हा बदल आमच्या तक्त्यात कुठं लिहायचा, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

मार्चमध्ये पट्टा पडला. या वेळी आम्ही उलटी यादी पाठवली: कोण गम घेतो, कोणाचा किती दिवसांचा साठा दिलाय, कोणाचा बीपी वाढलेला निघाला, कोणाच्या तोंडात चट्टा दिसला आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवायचा आहे. आशाताईंचा उलट निरोप आला की गाड्या पोचल्या, नाना ठीक आहेत, दोन नावं यादीत चुकलीत. त्याखाली दुसरा निरोप: "मॅडम, ते फुंकायचं यंत्र थोडे दिस आमच्याकडं पाठवता का? गावात लोक इच्यारायलेत, नानाचा पाच आला ते खरं हाय का म्हनून." मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, यंत्र एकच आहे आणि ३१ मेपर्यंत शाळा-कॉलेजच्या कार्यक्रमांना लागलेलं आहे. जूनमध्ये बघू. जूनमध्ये लोक पेरणीला शेतात असतील, तेव्हा पुन्हा रात्रीच जावं लागेल, एवढं मी आशाताईंना कळवून ठेवलंय.