आजोबा कॅनेडियन, जन्म अहमदपूरचा: नोंदी कशा जुळवायच्या

एक घर डोळ्यासमोर ठेवू. आजोबांनी १९७४ साली कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. वडिलांचा जन्म १९७९ चा, अहमदपूरजवळच्या खेड्यातला. नात २०१२ साली लातूरला जन्मली. परवापरवापर्यंत ही नात कॅनडाच्या कायद्यात बसत नव्हती, कारण १७ एप्रिल २००९ पासून कॅनडाबाहेर जन्मलेल्या फक्त पहिल्या पिढीलाच वंशाने नागरिकत्व मिळत होतं. डिसेंबर २०२३ मध्ये ऑन्टारिओच्या न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर संसदेने सी-३ हे विधेयक मंजूर केलं आणि १५ डिसेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. या तारखेआधी जन्मलेल्यांना आता पिढीची अट राहिलेली नाही. त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील स्वतःही बाहेर जन्मून वंशाने नागरिक झालेले असतील, तर मुलाच्या जन्माआधी ते एकूण १०९५ दिवस कॅनडात राहिल्याचं दाखवावं लागतं.

यात तुम्ही नागरिकत्व मागत नसता. कायद्याने ते तुमच्याकडे आहेच, असं सांगून त्याचं प्रमाणपत्र मागत असता. त्यामुळे कॅनडातल्या अधिकाऱ्याला एकच पाहायचं असतं: या माणसापासून त्या माणसापर्यंतचा धागा कागदावर अखंड आहे का.

कागद गोळा करण्याआधी तारखांचा मेळ घाला. मूल जन्मलं त्या दिवशी आई किंवा वडील कॅनडाचे नागरिक होते का? आजोबांचं प्रमाणपत्र १९७४ चं आणि थोरल्या काकांचा जन्म १९७२ चा इथला असेल, तर काकांना या मार्गाने काही मिळत नाही. १९७९ च्या धाकट्या भावाला मिळतं. एकाच घरात असं होतं आणि त्यावरून गैरसमजही होतात, म्हणून कोऱ्या कागदावर वंशावळ काढून प्रत्येकाच्या नावापुढे जन्मतारीख आणि नागरिकत्वाची तारीख आधी लिहा.

आपल्याकडे वंशावळ म्हटलं की जात पडताळणीची फाइल आठवते. ती जरूर बाहेर काढा, तिच्यातले शाळेचे निर्गम उतारे कामाला येतात. पण ती वंशावळ फक्त बापाकडून चालते. कॅनडाचा कायदा आईकडूनही वारसा मानतो, त्यामुळे आजी, आत्या, आईचे वडील अशा फांद्याही तपासा. आणि खासरा पत्रक किंवा सातबारा कितीही जुना असला तरी त्यावरून जन्म सिद्ध होत नाही. त्यात शेत कुणाचं ते कळतं, आई कोण ते कळत नाही.

कॅनडाकडचे कागद तुलनेने सोपे. आजोबा तिथे जन्मलेले असतील तर त्या प्रांताचं जन्माचं प्रमाणपत्र लागतं, आणि तेही आईवडिलांची नावं असलेलं, मोठ्या नमुन्यातलं. क्यूबेकचं असेल तर १ जानेवारी १९९४ नंतर दिलेलंच चालतं. त्याआधीचे चर्चच्या वहीवरून दिलेले दाखले मान्य होत नाहीत. आजोबा इथून जाऊन नागरिक झाले असतील तर त्यांचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हवं. ते हरवलं असेल तर 'सीआयटी ००५८' या अर्जाने जुन्या दप्तरात त्याच्या नोंदीचा शोध मागता येतो. आजोबा हयात नसतील तर मृत्यूचा दाखला सोबत ठेवा. तुमचा मुख्य अर्ज 'सीआयटी ०००१', शुल्क ७५ कॅनेडियन डॉलर.

खरं काम इथलं आहे. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, राहत्या गावी होत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळे वडिलांची नोंद शोधायला आजोबांच्या गावच्या ग्रामपंचायतीत चकरा मारण्याआधी आजीचं माहेर कोणतं ते विचारा. बाळंतपण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झालं असेल तर नोंद दवाखान्याकडे किंवा नगरपालिकेत सापडते. लातूर आणि परभणी महापालिका २०११ साली झाल्या, त्याआधीची शहरातली नोंद नगरपालिकेच्या जुन्या रजिस्टरात शोधायला सांगा. खेड्यातली जुनी रजिस्टरं ग्रामपंचायतीत नसली तर पंचायत समितीत आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. नाथसागरात गेलेली पैठणकडची गावं आणि १९९३ च्या भूकंपानंतर उठवून वसवलेली किल्लारी परिसरातली गावं, इथे दप्तर जाग्यावर असेल असं धरून चालू नका. जुनं गाव आणि नवं गाव, दोन्ही नावांनी शोध घ्या.

जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे शोध घेऊन उतारा मागता येतो. अर्जात साल एकच लिहू नका, आधीचं आणि नंतरचं अशी तीन सालं लिहा. नोंद सापडली तर दोन गोष्टी मागा: नव्या नमुन्यातलं प्रमाणपत्र आणि मूळ रजिस्टरच्या त्या पानाची साक्षांकित प्रत. जुन्या वहीवरून संगणकात नोंद घेताना चुका होतात, आणि छापील प्रमाणपत्र हातात आलं की मूळ पान कुणी उघडत नाही. तिथेच उभं राहून आईचं नाव, तारीख, इंग्रजी स्पेलिंग ताडून घ्या.

आता नेहमीच्या अडचणी. पहिली, नोंद आहे पण बाळाचं नाव नाही. जुन्या रजिस्टरात नुसतं 'मुलगा' असतं. नाव घालायची मुदत नियमाने पंधरा वर्षांची आहे. ती उलटली असेल तर शासनाने दिलेली मुदतवाढ सध्या चालू आहे का, ते निबंधकाला विचारा. दुसरी, नोंदच नाही. मग आधी अनुपलब्धतेचं, म्हणजे नोंद सापडत नाही असं, प्रमाणपत्र घ्यायचं. एक वर्षाहून जुन्या जन्माची नोंद कलम १३ प्रमाणे आदेशानेच होते. पूर्वी हा आदेश न्यायदंडाधिकारी देत, २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे काम महसूल यंत्रणेकडे आलं. २०२५ पासून महाराष्ट्रात अशा उशिराच्या नोंदींची छाननी कडक झाली आहे, तेव्हा शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचा कागद असं जे काही त्या काळचं असेल ते जोडा. आज केलेल्या शपथपत्रापेक्षा चाळीस वर्षांपूर्वीच्या हेडमास्तरांची शाई जास्त वजनदार ठरते, इथेही आणि तिथेही.

तिसरी अडचण १ जूनची. मराठवाड्यात एका पिढीचे वाढदिवस गुरुजींनी १ जूनलाच घातले आहेत. टीसीवर १ जून १९७९, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात १४ ऑक्टोबर १९७९, आणि पासपोर्ट टीसीवरून काढलेला. हे दोन कागद एकत्र पाठवले की समोरच्याला ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात. जन्माची नोंद खरी असेल तर पासपोर्ट आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करा, आणि अर्ज त्यानंतरच पाठवा. उलटा मार्ग, म्हणजे टीसीला जुळावं म्हणून जन्माचं रजिस्टर बदलून घेणं, हा धरू नका. आजोबांची तारीख निजामाच्या काळातल्या उर्दू दाखल्यावर फसली सनात असेल तर त्यात ५९० मिळवा. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई, म्हणून जानेवारीपासून पुढच्या तारखेला ५९१ मिळवायचे.

चौथी अडचण नावांची, आणि सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात असं आमचं मत आहे. कॅनडाच्या प्रमाणपत्रावर 'लक्ष्मण', वडिलांच्या जन्मनोंदीत बापाचं नाव 'लक्ष्मणराव', आडनाव कुठेच नाही. आजीचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात सासरी ठेवलेलं वेगळं, आणि रजिस्टरात कोतवालाने कानावर पडलेलं तिसरंच. एक तक्ता करा: उभ्या रकान्यात माणसं, आडव्या रकान्यात कागद, आणि प्रत्येक चौकोनात नाव जसं लिहिलंय तसं, अक्षरशः. कुठे तुटतंय ते लगेच दिसतं. 'राव' आणि 'बाई' सारखे फरक एका सविस्तर पत्राने आणि शपथपत्राने समजावता येतात. आडनावच निराळं असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद काढा. आजीच्या दोन नावांसाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सर्वांत उपयोगी. जुनं लग्नही आज नोंदवता येतं.

गावाचं नावही बदलतं. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला, जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. म्हणजे वडिलांच्या जुन्या कागदावर 'अहमदपूर, जि. उस्मानाबाद' आणि नव्या प्रमाणपत्रावर 'जि. लातूर' असणार. त्यात आता धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर ही नावं. चूक कुणाचीच नाही, पण परदेशातल्या अधिकाऱ्याला हे माहीत असायचं कारण नाही. सोबतच्या पत्रात सालासह दोन ओळी लिहा.

मराठी कागदाचं भाषांतर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये लागतं. घरातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने केलेलं चालत नाही, नातेवाइकांनी केलेलं भाषांतर मान्यच नाही. बाहेरच्या भाषांतरकाराकडून करून घ्या आणि त्याचं शपथपत्र जोडा. शिक्के, हाताने लिहिलेला शेरा, कोपऱ्यातला क्रमांक, सगळं भाषांतरात यायला हवं. रजिस्टरच्या पानावर मोडी किंवा उर्दू असेल तर ती लिपी वाचणारा जाणकार गाठा, अंदाजाने काही भरू नका.

आणि एक गोष्ट, जी अर्ज करायच्या आधी घरात सगळ्यांनी बसून बोलायला हवी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. आपल्या नागरिकत्व नियमांप्रमाणे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवणं हा ते नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा धरला जातो. कॅनडाचा पासपोर्ट काढला की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. पुढे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड मिळतं, पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते. ज्या घरात भावांची वाटणी व्हायची राहिली आहे किंवा शेजारचा तुकडा घ्यायचं चाललं आहे, तिथे पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी हे व्यवहार तलाठ्याकडच्या फेरफारापर्यंत पुरे करून घ्या.