चढताना उतरणारी उंची

पायलटची तक्रार मी वहीत जशीच्या तशी लिहून घेतली होती: "जमिनीवर ट्रान्सपाँडर बरोबर उंची दाखवत होता. मी वर चढतोय आणि कंट्रोलर म्हणतोय, तुम्ही खाली येताय." ट्रान्सपाँडर विमानाची उंची कंट्रोलरच्या रडारला कळवतो, आणि त्याला ती उंची हवेच्या दाबावरून मोजून देतो तो एन्कोडर. हा एन्कोडर नवा होता, त्याचं हार्नेस (तारांचा जुडगा) मी बांधलं होतं. जमिनीवरची तपासणीही मीच केली होती. ३०० फूट हा एकच आकडा बघून समाधान मानलं होतं.

ऐकून पोटात गोळा आला. हा आकडा नुसता कंट्रोलरच्या पडद्यावर जात नाही. जवळून जाणाऱ्या विमानातला टीकॅस (टक्कर टाळणारी यंत्रणा) त्याच आकड्यावरून वैमानिकाला 'वर जा' किंवा 'खाली जा' सांगतो. विमान उभं केलं आणि कामाला लागले.

पहिला संशय स्टॅटिक लाइनवर (बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत नेणारी नळी), कारण एन्कोडरसाठी तिथे नवा जोड घातला होता. गळतीची चाचणी घेतली, दाब टिकून राहिला. खरं तर अल्टिमीटर (वैमानिकासमोरचा उंचीमापक) त्याच लाइनवर आहे आणि तो बरोबर दाखवत होता. लाइन गळत असती तर तोही चुकला असता.

मग एन्कोडर ज्यांवरून ट्रान्सपाँडरला उंची कळवतो त्या तारा. ए, बी आणि सी, प्रत्येकी १, २, ४ अशा नऊ तारा. दहावी, डी४, ३०,७०० फुटांच्या वर लागते, या विमानाला तिची गरजच नाही. दोन्हीकडचे कनेक्टर सोडवून मल्टिमीटर लावला. नऊच्या नऊ तारांना मीटर वाजला, म्हणजे एकही तुटलेली नव्हती. वीजपुरवठा ठीक, ग्राउंड ठीक, स्ट्रोबची तार (एन्कोडरचं आउटपुट सुरू ठेवणारी) ग्राउंडला जोडलेली. एन्कोडरच खराब आहे असं लिहून तो परत पाठवायच्या बेतात होते.

पाठवण्याआधी एकदा पायऱ्या-पायऱ्यांनी उंची चढवून बघू म्हटलं. नळ्यांतला दाब बदलून खोटी उंची दाखवणारा टेस्टर पिटोट (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी) आणि स्टॅटिक दोन्हींना जोडला (एकट्या स्टॅटिकला ओढ दिली तर एअरस्पीड इंडिकेटरचं नुकसान होऊ शकतं), एन्कोडर गरम व्हायला पुरेसा वेळ दिला, अल्टिमीटरवर १०१३.२५ हेक्टोपास्कल लावलं. एन्कोडर कायम याच दाबावरून उंची मोजतो, वैमानिकाने काहीही लावलेलं असो. मग शंभर-शंभर फुटांनी वर.

७०० पर्यंत सगळं बरोबर. ८०० ला दाखवले ७००. ९०० ला ६००. १,००० ला ५००. १,५०० ला शून्य, २,००० ला उणे ५००. जणू ७५० फुटांवर आरसा ठेवला होता. आणि २,८०० ला एकदम ६,७००! तिथून पुन्हा उतरती गणती, ४,७०० ला ४,८००, आणि त्यापुढे जिथवर गेले तिथवर पुन्हा सगळं अचूक.

इतकी शिस्तबद्ध चूक बिघडलेला सेन्सर करत नाही. कोणत्या उंचीला कोणत्या तारा चालू असतात, तो कोडचा तक्ता काढला. गिलहॅम कोड हा ग्रे कोडचाच प्रकार, शंभर फुटांच्या प्रत्येक पायरीला एकच तार बदलते. १,००० फुटांना बी१, बी२ आणि सी२ चालू असतात. ५०० फुटांना फक्त बी२ आणि सी२. म्हणजे बी१ पोहोचतच नव्हती. तक्त्यात बी१ पहिल्यांदा ८०० फुटांना चालू होते आणि ४,७०० नंतर बंद होते, आणि आमची चूकही नेमकी तेवढ्याच पट्ट्यात होती. जमिनीवर ३०० फुटांना बी१ लागतच नाही, मग तिथे चूक दिसणार कशी? सी१ आणि सी४ची अदलाबदल झाली असती, तर चूक ४०० फुटांच्या पुढे गेली नसती. ही शक्यताही तिथेच संपली.

एन्कोडर एखादं बिट (म्हणजे एका तारेचा संकेत) 'चालू' म्हणतो तेव्हा ती तार ग्राउंडला ओढतो. तार तुटली की ट्रान्सपाँडरला ते बिट कायम बंदच दिसतं. पण माझ्या मीटरवर तर तार तुटलेली नव्हती!

भिंग घेऊन एन्कोडरकडचा कनेक्टर पाहिला. बी१ची पिन शेजारच्या पिनांपेक्षा जरा मागे. हलकेच दाबली तर आत सरकली. क्रिम्प (तार आणि पिन यांची दाबून केलेली जोड) उत्तम होतं, पण पिन घरात पूर्ण बसलीच नव्हती. कनेक्टर जोडला की समोरची पिन तिला मागे ढकलायची. सोडवून मीटरची टोकणी लावली की टोकणी तिच्यापर्यंत पोहोचायची आणि मीटर वाजायचा. मी जोडणी सोडून तपासत होते आणि बिघाड जोडणीतच होता.

पिन बाहेर काढून पुन्हा बसवली, कट्ट असा आवाज आला, तार मागे ओढून पाहिली, हलली नाही. मग बाकीच्या आठही तशाच ओढून पाहिल्या.

दुसऱ्या चाचणीत विमानाच्या कमाल उंचीपर्यंत गेले आणि परत उतरतानाही प्रत्येक आकडा लिहिला. अल्टिमीटर आणि एन्कोडर यांच्यात १२५ फुटांपर्यंत फरक चालतो, आमचा सगळीकडे त्याच्या आत होता. २,८०० ला २,८०० दिसले तेव्हा मी टेस्टर तिथेच थोडा वेळ थांबवून ठेवला.