तुम्ही विचारलंत म्हणून: वाडीवरच्या शाळेत काय न्यावं?

जून उजाडला की हा प्रश्न हमखास येतो: "ट्रेकच्या वाटेवर जिल्हा परिषदेची शाळा लागते, मुलांसाठी काय नेऊ?" माझं उत्तर फारसं कुणाला आवडत नाही. चॉकलेटं तर नकोतच, आणि बाकीचंही गुरुजींना विचारल्याशिवाय नको.

अकोले तालुक्यात रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला वाड्यांवर ज्या शाळा आहेत, त्यांतल्या बऱ्याच पहिली ते चौथीच्या, दोन शिक्षकी. एका खोलीत पहिली-दुसरी, शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी. पुढे शिकायचं तर मोठ्या गावची शाळा, नाहीतर आश्रमशाळा. पाठ्यपुस्तकं आणि गणवेश सरकारकडून येतात, दुपारची खिचडी शाळेतच शिजते. वह्या घरून घ्याव्या लागतात हे खरं, पण पंधरा ऑगस्टच्या सुमाराला जो तो ग्रुप वह्याच घेऊन येतो, त्याही दोनशे पानी, एकेरी. पहिलीच्या पोराला लागते दुरेघी आणि चौकटीची! एका गुरुजींनी मला कपाट उघडून तो साठा दाखवला आणि गोष्टीची पुस्तकं मिळतील का, असं विचारलं. मोठ्या अक्षरांची, चित्रांची. पाठ्यपुस्तकापलीकडे वाचायला तिथे फारसं काही नव्हतंच.

आणि जायचं ते शाळेच्या वारी. आपण शनिवारी रात्री पोचतो, शाळेच्या व्हरांड्यात पथाऱ्या टाकतो, रविवारी कुलूप बघून परततो. म्हणजे शाळा बघितलीच नाही. (व्हरांडा झाडून ठेवा, चूल तिथे मांडू नका. सोमवारी परिपाठाला मुलं तिथेच बसतात.) मंगळवार-बुधवारी गेलात तर मधल्या सुट्टीत जा. दोन वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या बाईंचा तास वाटपाच्या फोटोंसाठी मोडायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

मधल्या सुट्टीत मुलंच आपल्याला शिकवतात. चौथीतल्या एका मुलीने मला मैदानातून रतनगड आणि शेजारचा खुट्टा सुळका दाखवला, गाळात पाय कसा टाकायचा ते सांगितलं आणि मग विचारलं, "तुमच्या मुंबईत गुरं चारायला कुठं नेत्यात?"

गुरुजींचा नंबर शोधायला लांब जावं लागत नाही. ज्या घरी जेवण सांगता, तिथलंच एखादं पोर त्या शाळेत असतं. आठवडाभर आधी फोन करा, आणि ते "काही नको" म्हणाले तर रिकाम्या हाताने जा.