तुम्ही विचारलंत म्हणून: ही जुनी पॉइंट टू-टू कशासाठी?

रेंजवर नव्याने आलेले लोक मला हे विचारतात, नातेवाईकही विचारतात. शब्द बदलतात, रोख तोच असतो. आज हिच्याहून स्वस्त, हिच्याहून अचूक, दुर्बीण चटकन बसणाऱ्या .२२ (साधारण .२२ इंच व्यासाच्या गोळीच्या) रायफली मिळतात. मग शंभर वर्षांपूर्वी आखलेली, दस्त्याच्या भोकातून एकेक काडतूस भरावं लागणारी ब्राउनिंग सेमी-ऑटो (चाप दाबला की एक गोळी, पुढचं काडतूस आपोआप) कशाला सांभाळता? आणि सेमी-ऑटो आहे, तर इतक्या सावकाश का चालवता?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचं नाव बहुतेकांना पिस्तुलांमुळे ठाऊक असतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात, ऑग्डेन गावी जन्मलेला हा बंदूक बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. सैन्यांनी वर्षानुवर्षं वापरलेली शस्त्रं त्यांनी आखली. पण त्यांच्या कामात मला सगळ्यात जवळची वाटते ती ही छोटी .२२. बेल्जियममधल्या हेर्स्टाल इथल्या एफएन या शस्त्र-कंपनीच्या कारखान्यात १९१४ साली तिचं उत्पादन सुरू झालं. पुढे रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीने याच आराखड्यावर १९२२ मध्ये मॉडेल २४ आणि १९३५ मध्ये मॉडेल २४१ काढलं. १९७० च्या दशकात मूळ रायफलीचं काम जपानमधल्या मिरोकू कंपनीकडे गेलं. साहित्य बदललं, कारखाने बदलले, आराखडा मात्र जवळपास होता तसाच राहिला.

तो का टिकला, हे रायफल हातात घेतली की हळूहळू कळतं. बहुतेक सेमी-ऑटो रायफली रिकामी पुंगळी उजव्या बाजूला फेकतात. त्यासाठी रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलीची यंत्रणा असलेल्या मधल्या पेटीच्या, कुशीत खिडकी ठेवावी लागते. ब्राउनिंग यांनी ती खिडकी खाली नेली, पुंगळी सरळ पायाशी पडते. माझ्या मते या रायफलीचा सगळा आकार या एका निर्णयातून आला आहे. खिडकी खाली गेली म्हणजे रिसीव्हरच्या दोन्ही कुशी आणि माथा बंद झाला. डोळ्यांसमोरून काही उडत नाही, आणि डावखुऱ्या माणसालाही ती तितकीच सोयीची होते. पण खाली खिडकी आहे म्हटल्यावर तिथे मॅगझिनला, म्हणजे काडतुसांच्या साठ्याला, जागा उरली नाही. काडतुसं मागून यायला हवीत, म्हणून त्यांची नळी दस्त्यात गेली. दस्त्यात गेल्यामुळे मुख्य नळीच्या खाली काहीच राहिलं नाही. पुढचा अर्धा भाग म्हणजे फक्त नळी आणि तिला धरायचं लाकूड. आणि तो भाग इतका सुटसुटीत झाल्यावर तो फिरवून काढता येईल असा करणं ओघानेच आलं. बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता तुकडा, थोडा मागे ओढायचा, पुढच्या लाकडाखालचा लॅच पुढे सरकवायचा, नळी पाव फेरी फिरवायची. रायफलीचे दोन भाग होतात, दोन्ही जवळपास सारख्या लांबीचे. कुठलंही हत्यार लागत नाही.

यातली आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली, आणि तेव्हापासून मी ती प्रत्येकाला दाखवतो. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, आणि मागची साइट, दोन्ही नळीवरच बसवलेल्या आहेत. मिरोकूच्या रायफलींना दुर्बीण बसवायची तर तिचा आधारही नळीवरच येतो. त्यामुळे रायफल कितीही वेळा उघडली आणि जोडली, तरी नळी आणि साइट यांचं नातं बदलत नाही, नेम होता तिथेच राहतो. पुढे वर्षांच्या वापराने जोड सैल व्हायला लागेल, हेही ब्राउनिंग यांनी आधीच धरलं होतं. नळीच्या बुडाशी खाचांची एक रिंग आहे. ती एक-दोन खाचा फिरवली की सांधा पुन्हा घट्ट होतो. आपण गेल्यावर आपली वस्तू कशी झिजेल याचा विचार करून ठेवणारा माणूस मला थोर वाटतो. ब्राउनिंग यांचा मृत्यू १९२६ साली बेल्जियममध्येच, एफएनच्या कारखान्यात काम सुरू असताना झाला.

आता काडतुसाबद्दल, कारण त्याच्याशिवाय ही रायफल समजत नाही. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून आहे. त्यात मधोमध प्राइमर नसतो. ठिणगी पाडणारं मिश्रण पुंगळीच्या पोकळ कडेत आतून पसरलेलं असतं, आणि पिन त्या कडेवर आदळते. गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. साध्या काडतुसाची गोळी आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली जाते, तेज काडतुसाची त्याच्या वर. दाब इतका कमी असतो की बोल्टला कुलूप लावावंच लागत नाही. बोल्टचं स्वतःचं वजन आणि स्प्रिंग यांच्यावर तो रोखलेला असतो, गोळी निघाली की मागे ढकलला जातो, पुंगळी काढतो, नवं काडतूस घेऊन परत येतो. ब्राउनिंगच्या अकरा वर्षं आधी विंचेस्टरने १९०३ सालची सेमी-ऑटो .२२ काढली, तेव्हा तिच्यासाठी वेगळंच काडतूस बनवलं. काळ्या दारूची नेहमीची .२२ कोणी तिच्यात घातली असती, तर काजळीने ती लगेच अडकली असती. ब्राउनिंगची रायफल मात्र बाजारात सर्रास मिळणाऱ्या काडतुसांवर चालली, आणि तिथेच ती सामान्य माणसाची झाली.

काही लोक .२२ ला खेळणं समजतात. ते मला अजिबात पटत नाही. काडतुसांच्या डब्यावर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो, तो हसण्यावारी न्यायचा नाही. पाठीमागे मातीचा भक्कम बांध नसेल तिथे ही रायफल उचलायची नाही. आणि कौशल्याच्या बाजूने पाहायचं तर १९०७ मध्ये सॅन अँटोनिओ इथे अॅड टॉपरवाइन यांनी विंचेस्टरच्या सेमी-ऑटो .२२ रायफलींनी हवेत फेकलेल्या ७२,५०० लाकडी ठोकळ्यांवर नेम धरला, त्यातले ९ चुकले. पुढे १९५९ मध्ये टॉम फ्राय यांनी रेमिंग्टनच्या नायलॉन ६६ ने १,००,०१० ठोकळ्यांपैकी फक्त ६ सोडले. इतका वेळ, इतक्या गोळ्या झाडणं माणसाच्या खांद्याला झेपलं, ते या काडतुसाला धक्का जवळजवळ नसतोच म्हणून.

आता सावकाशीबद्दल. सेमी-ऑटो म्हटलं की लोकांना वेग आठवतो. मला तिच्यात वेगळंच काही मिळतं. बोल्ट-अॅक्शन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हात चापावरून उठतो, बोल्ट वर-मागे-पुढे-खाली जातो, आणि बहुतेकांचा गाल दस्त्यावरून सुटतो. पुढची गोळी म्हणजे पुन्हा नवी मांडणी. इथे तसं होत नाही. गाल तिथेच, खांदा तिथेच, डोळा साइटमागे तिथेच. गोळी गेली त्या क्षणी माशी कुठे होती, कुठे उचलली गेली आणि परत कुठे येऊन थांबली, हे सगळं दिसतं. माशी दर वेळी त्याच जागी परत येत असेल तर शरीराची बैठक बरोबर आहे. ती डावीकडे येऊन थांबत असेल, तर आपण स्नायूंच्या जोरावर रायफल ओढून धरलेली आहे. कागदावर ते कळायच्या आधी माशी सांगते. म्हणून मी एक गोळी झाडतो, चाप दाबलेलाच ठेवतो, पाहतो, श्वास घेतो, मग चाप सोडतो. पुढची गोळी तयारच असते, तिला घाई नसते.

भरण्याचा वेळही मला हवासा वाटतो. दस्त्याच्या टोकाशी असलेली आतली नळी फिरवून मागे ओढायची, रायफलीचं तोंड सुरक्षित दिशेला खाली ठेवायचं, आणि उजव्या बाजूच्या भोकातून काडतुसं एकेक करून आत सोडायची. लाँग रायफलची अकरा मावतात. प्रत्येक काडतूस घसरत जाताना बारीक आवाज करतं. नवी मॅगझिन खटकन बसवण्यापेक्षा याला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळात हात सैल होतो, डोळ्याला विश्रांती मिळते, मागच्या अकरा गोळ्यांचा कागद नीट बघून होतो. अकरा गोळ्यांचं वजनही खांद्याजवळ असतं, त्यामुळे मॅगझिन रिकामी होत जाते तसा पुढचा तोल बदलत नाही. आधीच अडीच किलोच्या आतली रायफल, १९ इंचांहून थोडी लांब नळी. ती हातांच्या मधोमध येऊन बसते.

ती कशासाठी नाही, हेही सांगायला हवं. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. त्या कामासाठी जड नळीची, हलक्या चापाची बोल्ट-अॅक्शनच हवी. ब्राउनिंगचा चाप त्यामानाने घट्ट आहे, नळी बारीक आहे. स्वस्तात भरपूर सराव आणि हवे तसे सुटे भाग पाहिजेत त्यांनी रुगर १०/२२ घ्यावी. १९६४ पासूनची तीही उत्तम रायफल आहे, दहा गोळ्यांची तिची गोल फिरणारी मॅगझिन मला फार आवडते. पण ती सुटे भाग बदलत बदलत हवी तशी घडवायची रायफल आहे. ब्राउनिंगमध्ये बदलावंसं मला काही सापडत नाही.

जिथे तिला जपावं लागतं त्या जागा नेमक्या आहेत. खिडकी खाली असल्यामुळे चेंबर, म्हणजे नळीच्या बुडातली काडतूस बसायची जागा, वरून दिसत नाही, आणि शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट उघडा राहत नाही. म्हणजे नुसतं बघून रायफल रिकामी आहे असं कोणालाही म्हणता येणार नाही. दस्त्यातली नळी ओढून काडतुसं बाहेर काढायची, बोल्ट पुन्हा पुन्हा ओढायचा, रायफल उलटी करून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं, मग बोटाने चाचपायचं. हा क्रम मी कोणी मध्ये बोललं तरी मोडत नाही. पुढचा हात खिडकीपासून लांब धरायचा आणि बाही मनगटाशी घट्ट ठेवायची, नाहीतर गरम पुंगळी आत शिरते. चाप दाबूनही बार झाला नाही, तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं. कडेतलं मिश्रण कधी कधी उशिरा पेटतं. रिकाम्या चेंबरवर चाप ओढायचा नाही, कारण पुंगळीची कड नसेल तर पिन चेंबरच्या कडेवरच आदळते आणि तिथे खाच पडते. घरी आल्यावर आधी हात धुवायचे, हातांवर शिसं असतं.

साफसफाई मात्र सोपी. नळी वेगळी निघत असल्यामुळे गज चेंबरच्या बाजूने घालता येतो. बऱ्याच सेमी-ऑटो .२२ मध्ये तो नळीच्या तोंडातून घालावा लागतो, आणि तोंडाची कड घासली गेली की अचूकपणा गेला. मी नळीपेक्षा बोल्टच्या तोंडाकडे जास्त लक्ष देतो. .२२ च्या गोळीवरचं मेण आणि दारूची राख तिथे साचते, आणि रायफल अडकते ती बहुतेक वेळा त्यामुळेच. तेल अगदी थोडं.

कायद्याचं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की आपल्या देशाचा नियम आधी वाचा, दुकानात नंतर जा. सेमी-ऑटो हा शब्द आला की नियम कडक होतात, आणि .२२ ला काही देश वेगळं धरतात, काही धरत नाहीत. ब्रिटनने १९८८ मध्ये सेमी-ऑटो रायफलींवर बंदी आणली तेव्हा .२२ रिमफायर (कडेवर पिन आदळणाऱ्या काडतुसाची) वगळली. ऑस्ट्रेलियाने १९९६ नंतर तीही सामान्य परवान्याच्या बाहेर नेली. दोन भाग होणारी रायफल छोट्या पिशवीत मावते. म्हणूनच तिची कुलूपबंद पेटी आणि तिची कागदपत्रं यांत ढिलाई चालत नाही.

शेवटी हमखास येणारा प्रश्न: बेल्जियमची घ्यावी की जपानची? दर आठवड्याला चालवायची असेल तर मिरोकूची घ्या. काम स्वच्छ आहे, सांधे घट्ट आहेत, आणि ओरखडा पडला तर जीव तुटत नाही. बेल्जियमच्या रायफलीवरचं हाताने केलेलं नक्षीकाम, विशेषतः वरच्या दर्जाच्या रायफलींवरचं, मला तासन्तास बघत बसावंसं वाटतं. पण तशी रायफल पावसात बाहेर काढायला मन धजत नाही. दोन्हींत पाहायच्या जागा त्याच. दस्त्याची मान आतून पोकळ असते, कारण काडतुसं तिच्यातूनच जातात. तिथे उजेडात धरून बारीक चीर शोधा. नळी जोडून हलकेच हलवून पाहा, आणि ती हलत असेल तर रिंगला अजून फिरायला खाचा उरल्या आहेत का ते बघा. दस्त्यातली नळी सहज सरकते का, तिच्यावर गंज आहे का, हेही पाहा. आणि विकणारा तुमच्यासमोर रायफल उघडून दाखवायला तयार नसेल, तर ती घेऊ नका.