६५ ओहम की ८८२?

नववीला ‘धाराविद्युत’ शिकवताना माझं एक उदाहरण ठरलेलं असतं. ६० वॅट, २३० व्होल्टच्या दिव्याचा रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, काढा. विभवांतराचा (व्होल्टेजचा) वर्ग भागिले शक्ती, उत्तर ८८२ ओहम. त्या दिवशीही मुलांनी ते झटकन सोडवलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हात वर करून बसला होता. त्याचे वडील वायरमन. त्यांचा मल्टिमीटर आणि घरातला जुना पिवळा बल्ब त्यानं दप्तरातून आणला होता.

“बाई, मीटर पासष्ट दाखवतोय.”

मला वाटलं, मीटरचा सेल उतरला असेल. प्रयोगशाळेतला मीटर आणून बल्बच्या बुडाच्या दोन ठिपक्यांना टोकं टेकवली. ६५. कपाटातला दुसरा ६० वॅटचा बल्ब घेतला. ६७.

वर्गात चुळबुळ सुरू झाली. एका मुलीनं तोवर वहीत उलटं गणित मांडलं होतं. रोध ६५ असेल तर २३० व्होल्टला साडेतीन अँपिअर धारा जाईल, म्हणजे आठशे वॅटच्या वर. “बाई, एवढी वीज तर इस्त्री खाते!” तिचं गणित बिनचूक होतं.

कारण मला ठाऊक होतं, पण नुसतं सांगून टाकावंसं वाटेना. सगळ्यांना प्रयोगशाळेत नेलं. ६ व्होल्टचा छोटा बल्ब, बॅटरी एलिमिनेटर (घटांऐवजी कमी व्होल्टची वीज देणारी पेटी), अॅमीटर, व्होल्टमीटर. (घरच्या २३० व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही, यात मी तडजोड करत नाही.) दीड व्होल्टला ०.२३ अँपिअर, तीनला ०.३४, सहाला ०.५. विभवांतर चौपट झालं आणि धारा जेमतेम दुपटीच्या वर गेली. आलेख सरळ जाईना, वर चढता चढता आडवा होत गेला. पहिल्या वेळी तार मंद लालसर होती, शेवटी तिच्याकडे बघवत नव्हतं.

“तार तापली म्हणून,” तोच मुलगा हळूच म्हणाला.

टंगस्टन तापला की त्याचा रोध वाढतो. दिवा पेटलेला असताना ती तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसला असते आणि रोध थंड तारेच्या तेरा-चौदा पट होतो. मीटरनं थंड तार मोजली, सूत्रानं पेटलेली. दोन्ही उत्तरं खरी.

मग फळ्यावर ओहमचा नियम पुन्हा लिहिला, धारा विभवांतराच्या प्रमाणात वाढते, आणि ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ या शब्दांखाली रेघ मारताना माझा हात थबकला. काही वर्षांपूर्वी एका मुलीचा आलेख असाच वाकडा आला होता. मी तिला पट्टी घेऊन सरळ रेघ मारायला लावली होती. तिची वाचनं बरोबर होती. ते मी त्या दिवशी वर्गाला सांगितलं. सांगणं जड गेलं, पण लपवणं त्याहून वाईट झालं असतं.

हा नियम शोधणारा ओहम स्वतः जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेत शिकवत होता. व्होल्टाच्या घटाचं विभवांतर घसरत राही, म्हणून १८२६च्या सुमारास त्यानं विभवांतर मिळवायला तांबं आणि बिस्मथ या धातूंची जोडी वापरली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. मधेच काही बदलू नये म्हणून त्या माणसानं घेतलेले हे कष्ट मुलांना सांगताना मला फार आनंद झाला. शेवटी आमच्या त्याच जोडणीत बल्बच्या जागी नायक्रोम या मिश्रधातूची तार लावली. तिचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही. ठिपके एका रेषेत आले आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी वडील मीटर न्यायला आले. मुलानं त्यांना सगळं सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हणूनच गोळा बटण दाबतानाच उडतो होय!” अगदी तेच. तार थंड असते तेव्हाच धारेचा लोंढा सर्वांत मोठा, आणि झिजलेली तार तिथंच तुटते.

दुसऱ्या दिवशी मुलाचा पुढचा प्रश्न तयार होता. पासष्टाचे आठशे ब्याऐंशी व्हायला वेळ किती लागतो? आम्ही छोटा बल्ब पुन्हा जोडून, अॅमीटरवर डोळे लावून कळ दाबली. काटा हलून स्थिरावेपर्यंत ते सगळं होऊनही गेलं होतं.