नेरूळचा रविवार आणि क्वालिफाइंगच्या मॅचेस

ठाण्याहून नेरूळ म्हणजे दाराबाहेर पडल्यापासून मोजलं तरी तासाभराचा रस्ता. पण त्या रविवारी जे बघितलं ते लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडेना.

माझी भाची ११ वर्षांची आहे, ठाण्यातच टेनिस शिकते. २०२५ च्या फेब्रुवारीत सीसीआयला, म्हणजे मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, मुंबई ओपन झाली, बायकांच्या व्यावसायिक टेनिसमधली डब्ल्यूटीए १२५ दर्जाची, त्यात कोइम्बतूरची माया राजेश्वरन, वय फक्त १५, क्वालिफाइंग, म्हणजे मुख्य स्पर्धेत जागा मिळवायच्या आधीच्या मॅचेस, खेळून आत आली आणि थेट सेमीफायनलपर्यंत गेली. तिथे हरली ती जिल टाइशमनकडून, जिने पुढे स्पर्धाच जिंकली. तेव्हापासून आमच्या घरात क्वालिफाइंग हा शब्द दिवसातून चारदा तरी ऐकू येतो. त्यामुळे डिसेंबरात नेरूळला बायकांची आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, स्पर्धा आहे कळल्यावर मी म्हटलं शेवटच्या शनिवार-रविवारी जाऊया फायनल बघायला, तर ही म्हणते, मावशी फायनल नको गं, आपण पहिल्या रविवारी जाऊ, क्वालिफाइंगला.

रविवार म्हणजे मेगाब्लॉक, त्यामुळे सकाळीच निघालो. ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मवर पनवेल गाडी मिळाली, वाशी गाडीत चुकून बसलं तर तुर्भ्यानंतर फाटा फुटतो आणि उतरून परत बदलावं लागतं, ते एक लक्षात ठेवायचं. डबे रिकामे होते. डावीकडे पारसिकचा डोंगर अजून धुरकट, ऐरोलीच्या काचेच्या बिल्डिंगा, रबाळ्याच्या कंपन्या, आणि भाची खिडकीत बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खात मला ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता, समजावत होती. मेन ड्रॉ ३२ जणींचा, त्यातल्या ८ जागा क्वालिफाइंग जिंकणाऱ्यांना, आणि त्या ८ जागांसाठी रविवार-सोमवार दोन दिवस मारामारी, मंगळवारपासून खरी स्पर्धा. मी म्हटलं खरी स्पर्धा मंगळवारपासून तर मग आज काय, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्पच बसले. आणि दिवसभर बघितल्यावर सांगते, पोरीचं बरोबर होतं.

क्लबवर पोचलो तर ना तिकीट ना रांग. निळं हार्ड कोर्ट, भोवती जाळी, बघायला वीसेक माणसं आणि त्यातली निम्मी खेळाडूंचे आईबाप नाहीतर कोच. खेळाडू स्वतःच बॅगा ओढत येतात, स्वतःच पाण्याच्या बाटल्या भरतात. खुर्चीवर अंपायर आहे पण लाइनवर कोणी नाही, बॉल उचलायला पोरं नाहीत, पॉइंट संपला की दोघी आपापले बॉल गोळा करायला जाळीपर्यंत चालत जातात आणि त्या चालण्यातच त्यांचा श्वास जागेवर येत असावा.

टीव्हीवर टेनिस बघून जे डोक्यात बसलंय ते तिथे पहिल्या दहा मिनिटांत पुसलं गेलं. टीव्हीचा कॅमेरा मागून उंचावरून असतो त्यामुळे बॉल नेटला घासून जातोय असं वाटतं, इथे जाळीला नाक लावून बघितलं तर बॉल नेटच्या हातभर, कधी दोन हात वरून जातो आणि तरीही आत पडतो, कारण त्याला वरून फिरकी दिलेली असते आणि तो खाली झुकतो. नेट मधोमध फक्त ३ फूट उंच असतं. भाचीचे सर तिला रोज ओरडतात, नेटच्या वरून मार, वरून मार, तिला ते आज दिसलं. आणि आवाज! बुटांचा तो किंचाळल्यासारखा आवाज, खाली काँक्रीट नाहीतर डांबर आणि वर ॲक्रिलिकचे थर, पाय घसरत नाही, गपकन थांबतो, आणि तो झटका सगळा गुडघ्याला जातो. क्ले कोर्टवर घसरत थांबता येतं तसं इथे नाही. जवळजवळ प्रत्येकीच्या गुडघ्याला नाहीतर घोट्याला पट्टी होती.

आता मुख्य सांगायचं ते. आम्ही सावली बघून ज्या बाकावर बसलो तिथे एक मुलगी आधीच बसली होती, विशीची असेल, पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या, मांडीवर रॅकेट, पण कोर्टकडे बघत नव्हती, ऑफिसच्या दाराकडे बघत होती. भाचीनेच विचारलं, ताई तुमची मॅच कधी आहे. ती म्हणाली, माझी मॅच नाहीये, मी ऑल्टरनेट आहे.

म्हणजे काय तर ज्यांचं रँकिंग क्वालिफाइंगच्या यादीत बसत नाही त्यांनी जागेवर येऊन सही करायची आणि थांबायचं. कोणी आजारी पडली, कोणाचं विमान चुकलं, कोणी नाव पुकारल्यावर १५ मिनिटांत कोर्टवर आली नाही, तर त्या जागी आत. सही केलेल्यांत हिचा नंबर दुसरा. पहिल्या फेरीची शेवटची मॅच सुरू होईपर्यंत आशा जिवंत, म्हणून सकाळी वॉर्मअप करून बसलेली, आणि अंग थंड पडू नये म्हणून दर अर्ध्या तासाने मागच्या मोकळ्या जागेत दोरीच्या उड्या मारून यायची.

मूळची सातारकडची. घणसोलीत चुलत्यांकडे उतरली होती, चुलते माथाडी. हॉटेलचा खर्च वाचतो म्हणाली. जेवणाच्या वेळेला तिने नुसतं केळं खाल्लं, कारण पोट भरून जेवलं आणि बोलावणं आलं तर. आमच्या पुऱ्या तिने घेतल्या नाहीत, पण कागदात बांधून मागितल्या, संध्याकाळसाठी.

समोर कोर्टवर तेव्हा एक जबरदस्त मॅच चालू होती. आपल्या इकडचीच एक डावखुरी पोरगी, समोर परदेशातली उंच, सर्व्हिस बंदुकीसारखी. पहिला सेट डावखुरीने घालवला, दुसरा ओढून आणला, आणि इथल्या क्वालिफाइंगला तिसरा सेट नसतो, त्याऐवजी १० पॉइंटचा मॅच टायब्रेक असतो, जी आधी १० ला पोचेल ती जिंकली, पण दोन पॉइंटची आघाडी हवी. दोन तासांची मेहनत आणि निकाल दहा मिनिटांत. ८-८ ला डावखुरीने डबल फॉल्ट केला. दुसरी सर्व्हिस नेटच्या पट्टीला लागून आपल्याच बाजूला पडली. पुढचा पॉइंटही गेला आणि ती हरली. तिने हात मिळवला, बॅग भरली, आणि जाताना आमच्या बाकावरच्या मुलीच्या खांद्यावर थाप मारून गेली. दोघींनी मिळून शून्य शब्द बोलले. मला तेव्हा वाटलं की फायनलला ट्रॉफीचे फोटो असतात, भाषणं असतात, पण खेळावर पोटापासून जीव असणं म्हणजे काय ते इथे या जाळीपाशी दिसतं, जिथे टाळ्या वाजवायला माणसंही नाहीत.

भाचीने ताईला एम्मा राडुकानूचं सांगितलं, २०२१ ची यूएस ओपन, क्वालिफाइंग धरून १० मॅच, एकही सेट न गमावता चॅम्पियन. ताई हसली, म्हणाली सुमित नागलचं पण आठव, २०२४ ला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये क्वालिफाइंगमधून येऊन त्याने मानांकित बुब्लिकला हरवलं, भारताच्या कोणा पुरुषाने ग्रँड स्लॅम सिंगल्समध्ये मानांकिताला हरवून तेव्हा ३५ वर्षं झाली होती, आधीचे रमेश कृष्णन, समोर विलँडर. तारखा अशा तोंडपाठ. म्हणाली, थांबताना हेच मोजत बसते.

दुपारी एकदा ऑफिसमधून कोणीतरी बाहेर आलं, यादी हातात. ती उभी राहिली. पहिल्या नंबरच्या ऑल्टरनेटला बोलावलं, कोणाच्या तरी पोटात बिघडलं होतं. म्हणजे आता हिचा नंबर पहिला. भाचीने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. तीन मॅच बाकी, मग दोन, मग चारच्या सुमाराला शेवटच्या कोर्टवर दोघी जणी टॉसला आल्या, नाणं उडलं, वॉर्मअप झाला, पहिली सर्व्हिस पडली. तिने खाली वाकून नाड्या सोडल्या. बूट काढून पिशवीत ठेवले, चपला घातल्या, आणि मग पहिल्यांदा कोर्टकडे तोंड करून बसली आणि ती मॅच पूर्ण बघितली, मध्ये मध्ये भाचीला दाखवत, बघ ती रिटर्नला कुठे उभी राहते, बघ बॅकहँडला खांदा किती फिरवते.

नेरूळ स्टेशनला आम्ही तिघी बरोबरच आलो. मेगाब्लॉक सुटल्यानंतरची गर्दी, ठाणे गाडी भरून आली. तिची रॅकेटची बॅग वरच्या रॅकवर मावेना, म्हणून भाचीने ती मांडीवर उभी धरली, तिच्याच उंचीची बॅग. मी विचारलं आता पुढे. म्हणाली पुढची सोलापूर, तिथे बऱ्याच जणी येत नाहीत, यादीत नंबर वर आहे माझा, बहुतेक थेट क्वालिफाइंगला नाव लागेल. कल्याणहून सिद्धेश्वर पकडणार. जुईनगर गेलं, तुर्भे गेलं, कोपरखैरणे गेलं. घणसोलीला उतरताना तिने बॅग घेतली आणि भाचीला तिच्या बॅगेतला एक बॉल दिला, आज सकाळच्या वॉर्मअपचा, लव गेलेला. गाडी सुटली तरी भाची दारातून तिच्या बॅगेकडे बघत होती. मग म्हणाली, मावशी, सोलापूर किती लांब आहे गं?